नागव्वाची शीर

नागव्वाच्या उजव्या हाताच्या शिरा संपल्या तेव्हा ज्वारीची कणसं नुकती भरत आली होती, आणि डाव्या हाताच्या संपल्या तेव्हा खळी उठून गेली होती. साल एकोणीसशे शहात्तर. मधल्या तीन महिन्यांत तिच्या पंजांवर, मनगटांवर, दंडांवर सुयांनी एवढी खोदाखोद केली की शिरा सुतळीसारख्या ताठ होऊन बसल्या. बोटानं चाचपल्या तर लागायच्या, पण रक्त त्यांतून वाहायचं थांबलं होतं.

शेवटी डॉक्टर करजगींनी डाव्या कोपराच्या आतल्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चीर दिली, खोलातली एक जाड शीर हुडकली, तिच्यात प्लॅस्टिकची बारीक नळी सरकवली आणि टाके घातले. त्या नळीला काचेचा जोड, जोडाला तांबडी रबरी नळी, आणि वर लोखंडी खांबाला उलटी टांगलेली सलाईनची बाटली.

"हिला जपा, सिस्टर," हात पुसत डॉक्टर म्हणाले. "ही गेली तर दुसरी नाही."

डॉक्टर बोलून पुढच्या खाटेकडं गेले. शरणम्मानं मात्र ते पदराच्या गाठीला बांधलं.

शरणम्मा त्या बायकांच्या वॉर्डाची सिस्टर. अक्कलकोटकडच्या खेड्यातली, तिशीच्या जरा अलीकडची, अंगानं काटकुळी. वॉर्डात तिचा आवाज कधी चढायचा नाही, पण ती एखाद्या खाटेशी उभी राहिली की तिथून तिला हलवणं अवघड असायचं. सोलापुरातल्या त्या दगडी धर्मादाय दवाखान्यात तिला सहा वर्षं झाली होती.

आणि नागव्वा साखर पेठेतली विड्या वळणारी. मांडीवर सूप घेऊन तिनं बावीस वर्षं विड्या वळल्या. एकदा कारखान्यातल्या तपासनिसानं तिच्या चांगल्या विड्या छाट म्हणून फेकल्या, तर तिनं सूपच्या सूप त्याच्या टेबलावर ओतलं होतं. "वढून दाखव," म्हणाली होती, "धूर येत न्हाय म्हण, मग छाट कर." आता त्या बाईच्या गर्भाशयात सुरू झालेला कॅन्सर कमरेच्या मणक्यापर्यंत पोचला होता. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यानं कागदांची थप्पी देऊन तिला परत पाठवलं होतं. आता करण्यासारखं एकच काम उरलं होतं, तिला दुखू द्यायचं नाही.

पण तेवढंही सोपं नव्हतं. गिळलेलं औषध पोटात ठरत नव्हतं. मांडीला सुई टोचावी तर मांसच शिल्लक नव्हतं. दिलेलं औषध कातडीखाली गाठ होऊन बसायचं. म्हणून मॉर्फिन शिरेतून. त्या एका शिरेतून.

दुखणं कमरेतून उठायचं. आधी मुंग्या, मग आग, मग कुणी पहार घालून हाडं उचकटतंय असं. नागव्वा रडायची नाही. ती दुखण्याला ओव्या घालायची, जात्यावर बसल्यासारखी डुलत, आणि त्या ओव्यांत शिव्यांची पेरणी असायची.

दुखण्या पावण्या, बस भाईर वट्ट्याला,
घरामंदी जागा न्हाय तुज्या मोट्या पोटाला!

शेजारच्या खाटेवरच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्यांचीही दुखणी तेवढ्यापुरती वट्ट्यावर जाऊन बसत असतील.

नळी घातली त्या पहिल्या दिवशी करजगींनीच मॉर्फिन दिलं. पुढच्या खाटेवरच्या बाईशी बोलत बोलत त्यांनी अख्खी सिरिंज एका दमात आत ढकलली आणि पुढं गेले. नागव्वाचे डोळे फिरले. श्वास मिनिटाला सहावर आला. शरणम्मा तिची हनुवटी वर धरून, गालावर थापट्या मारत, "अक्का, श्वास घे. घे म्हणते ना," असं अर्धा तास करत राहिली. करजगी धावत आले, त्यांनी उतारा दिला, नागव्वा परतली.

दुसऱ्या दिवशी शरणम्मा डॉक्टरांपुढं उभी राहिली. "सर, हे औषध दहा सीसीत पातळ करून, पाच मिनिटांत द्यायला पाहिजे. घड्याळ लावून."

"पाच मिनिटं एका बाईला? माझ्याकडं नव्वद पेशंट आहेत, सिस्टर."

"म्हणून म्हणते, मला लिहून द्या. मी देते."

शिरेतलं इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं, असा दवाखान्याचा नियम. करजगींनी केसपेपरवर लिहून दिलं; थोडं रागानं, थोडं सुटल्यासारखं. माणूस वाईट नव्हता. हात सोन्याचे होते, वेळ मात्र नव्हता.

तेव्हापासून ती शीर म्हणजे शरणम्माचं देवघर झालं. सकाळी ड्यूटीवर आली की आधी नळावर कोपरापर्यंत साबणानं हात, मग पट्टी सोडून चिरेकडं नजर, कडा लाल आहेत का, सूज आहे का, मग नवी पट्टी आणि तिच्यावर शाईनं तारीख. जोड उघडायच्या आधी स्पिरिटचा बोळा. औषध देताना एक डोळा घड्याळावर, एक नागव्वाच्या छातीवर. श्वास दहाच्या खाली आला की हात थांबवायचा. दिल्यावर नळीतून थोडं सलाईन सोडायचं, म्हणजे आत रक्ताची गुठळी धरत नाही.

नागव्वाचा नवरा संगप्पा दिवसभर खाटेशी बसायचा. मिलमध्ये मागावर पस्तीस वर्षं काढलेला माणूस, मागाच्या खडखडाटानं कानाला जरा कमी, बोलायचा मोठ्यानं. पहिल्याच सोमवारी त्यानं सिद्धरामाच्या देवळातली विभूती आणली आणि चिमूटभर त्या चिरेवर लावायला निघाला.

"अण्णा, कपाळाला लावा. पोत्यानं लावा," शरणम्मानं त्याचं मनगट धरलं. "पण ह्या हाताला कुणीही बोट लावायचं नाही. देवानं पण नाही."

"देवानं बी न्हाय," संगप्पा हसला आणि ती सगळी विभूती त्यानं नागव्वाच्या कपाळावर थापली. नागव्वा म्हणाली, "आता मला भित्तीत लिंपून टाक म्हंजे झालं."

असे नऊ दिवस गेले. शीर टिकली. नागव्वा जेवण मागू लागली, शेंगाच्या चटणीवरून संगप्पाशी भांडू लागली.

दहाव्या दिवशी, मिलचा सातचा भोंगा वाजत असताना शरणम्मा व्हरांड्यात शिरली, तर समोर वॉर्डातली आया गोजरबाई उभी. हात पाण्यानं निथळत होते.

"बाई, तुमची नागव्वा पाटंपासनं हुडहुडतीया. दोन घोंगड्या घातल्या, तरी दात वाजत्यात. कायतरी इपरीत हाय बघा."

शरणम्मानं हात धुतले आणि पट्टी सोडली. चिरेच्या कडा फुगून चकाकत होत्या. एका टाक्यापाशी पिवळा थेंब. आणि तिथून वर, दंडाच्या आतून काखेपर्यंत, चादरीच्या काठासारखी सरळ लाल रेघ.

तिनं काचेचा जोड उजेडात धरला. आतल्या बाजूला तपकिरी डाग होता. तिनं नाक जवळ नेलं. तंबाखू.

"अण्णा," तिनं अगदी हळू विचारलं, मग त्याला ऐकू आलं नाही म्हणून मोठ्यानं, "अण्णा, ही नळी कुणी उघडली?"

"मीच की!" संगप्पाच्या चेहऱ्यावर कौतुक मागणारं हसू होतं. "काल सांजच्याला थेंब पडायचा बंद झाला बघा. नळीत रगात वर चढून बसलेलं. हिला दुखाय लागलं. तुमची डूटी सुटलेली, दुसऱ्या शिष्टरबाई बाळंतिणीकडं. म्हटलं, हे तर आपलंच काम हाय. मागावर आडवा दोरा नेनाऱ्या धोट्याच्या भोकात कांडीचा दोरा अडकला की आमी काय करतो? तोंड लावायचं आन एक झुरका मारायचा. दोरा भाईर. तसंच केलं. वढली, गुठळी आली, थुकली, परत जोडली. चालू झाली की पटकन!"

शरणम्मानं जोड हळूच चादरीवर ठेवला.

"आन म्या हाताला बोट न्हाय लावलं हां," तो घाईनं म्हणाला. तिचा चेहरा बघून त्याचं हसू उतरत चाललं होतं. "तुमी हात म्हनला हुता. म्या नळीला लावलं."

ती ओरडणार होती. ओठापर्यंत आलं होतं. पण तिच्या ध्यानात आलं की नऊ दिवस ती त्याला काय करू नको ते सांगत होती, का करू नको ते एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानं बाईला दुखतंय म्हणून, उभ्या आयुष्यात जे हातातोंडाला येत होतं ते केलं होतं.

"अण्णा," ती खाली बसली, त्याच्या कानाशी. "तोंड कितीबी धुतलं तरी त्यात जंतू असतात. डोळ्याला दिसत नाहीत. दोऱ्याला त्याचं काही होत नाही, दोऱ्यात रक्त नाही. ही नळी थेट हिच्या रक्तात उघडते. तुमच्या तोंडातलं सगळं आत गेलं."

संगप्पानं खिशातली तंबाखूची चंची चाचपली. मग म्हणाला, "माज्या मागावर दुसऱ्या पाळीला विरुपाक्ष असायचा. एकच धोटा. सकाळी त्यो तोंड लावायचा, सांजच्याला मी. त्याला खोकल्यात रगात यायचं." त्यानं आपल्या ओठांवरून हात फिरवला. "गेला त्यो. आमाला कुनी सांगितलंच न्हाय, बाई."

नऊला डॉक्टर करजगी आले. त्यांनी दंडावरची रेघ बघितली, तंबाखूची हकीकत ऐकली, ओठ आवळले.

"पेनिसिलीन सुरू करा, दर सहा तासांनी. नळी राहू दे."

"सर, नळी काढायला पाहिजे. सगळी घाण तिच्यातच आहे."

"काढून देणार कुठून? मीच तुम्हाला सांगितलं होतं, दुसरी नाही. सकाळचं मॉर्फिन झालं?"

"नाही."

"मग द्या. ह्यातूनच द्या. गुठळी असेल तर जरा जोर लावा, सुटेल."

"जोर लावला तर गुठळी आत जाईल, सर. मी नाही देणार."

वॉर्डात कुणाच्या तरी पितळी भांड्यात चमचा वाजत होता, तो थांबला.

करजगी तिला खाटेपासून दोन पावलं लांब, खिडकीकडं घेऊन गेले. आवाज उतरवून, समजुतीनं बोलले. "हे बघा. तिचे किती दिवस राहिलेत? आठ? पंधरा? तेवढे दिवस नळी टिकली की झालं. इन्फेक्शनची काळजी जगणाऱ्या माणसाची करायची असते. हिला आत्ता दुखतंय, ते थांबवायचं. हे तुम्हाला कळत नाही असं नाही."

"मरणार आहे म्हणून घाण चालेल?" शरणम्माचा आवाज चढला नाही, पण सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला. "पाहुणा उद्या जाणार म्हणून आज त्याला खरकट्या ताटात वाढायचं का, सर? मरणाऱ्या बाईची शीर ही शीर नसते? आपण दुखणं थांबवायला औषध द्यायचं आणि त्याच सुईनं तिच्या रक्तात पू ढकलायचा, ह्याला मी औषध नाही म्हणत."

"ए डाक्टर."

हाक खाटेवरून आली. दात वाजत होते, पण आवाज विड्यांच्या टेबलासमोरचाच होता.

"माज्या मरनाचं बोलताय नव्हं? मग तिकडं तोंड करून कशाला? हिकडं या की. मरनारी मी हाय, ती खिडकी न्हवं."

दोघंही परत आले. नागव्वानं डॉक्टरांकडं बघितलं नाही. ती शरणम्माला म्हणाली, "तंगी, तू सांग. धाकटी भन म्हणते तुला, खोटं बोलू नकोस. नळी ठिवली तर काय, काढली तर काय?"

शरणम्मा खाटेच्या कडेला टेकली. "ठेवली तर आत्ता औषध मिळेल, दुखणं थांबेल. पण दर वेळेला घाण आत जाईल. ताप चढेल. शुद्ध जाईल, आणि मग कदाचित परत यायची नाही. काढली तर दुसरी शीर सापडेपर्यंत दुखेल, अक्का. लई दुखेल. आणि शीर सापडेलच असं मी सांगू शकत नाही."

नागव्वा डोळे मिटून पडून राहिली. कमरेतली पहार हलली असावी. तिच्या पायाची बोटं आवळली. मग ती म्हणाली, "सुद गेली तर दुखण्याला शिव्या कोन घालनार? काढ."

"मी परवानगी दिलेली नाही," करजगी म्हणाले.

"तिनं दिली, सर," शरणम्मा म्हणाली.

तिनं टाके कापले. नळी सावकाश, वाकू न देता, एका ओढीत बाहेर काढली. टोकाला काळ्या गुठळीभोवती पिवळं लडबडलेलं होतं. तिनं चिरेवर गॉझचा बोळा दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं ती नळी ट्रेमध्ये ठेवली, डॉक्टरांना दिसेल अशी.

करजगींनी ती बघितली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मेमो मिळेल तुम्हाला," ते म्हणाले. "आणि ही ओरडायला लागली की मला बोलवायला पाठवू नका." त्यांच्या बुटांचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

मग दुसरी शीर हुडकण्याची वेळ आली.

शरणम्मानं पेनिसिलीन मांडीत दिलं, मॉर्फिनही थोडं मांडीत दिलं. उतरलं तर उतरलं. मग गोजरबाईला म्हणाली, "मावशी, बादलीभर कढत पाणी आणा. आणि पोरांच्या वॉर्डात जाऊन ती बारीक सुई मागा, डोक्याच्या शिरेत घालतात ती, निळ्या पंखांची. फुलपाखरू म्हणतात तिला. ही चिठ्ठी द्या."

पोरांच्या वॉर्डात शरणम्मानं दोन वर्षं काढली होती. तान्ह्या लेकरांच्या कपाळावर केसाएवढ्या शिरा असतात. त्यांत सुई घातलेली बोटं होती तिची. मोठ्या माणसाला ही सुई घालायची कुणी कल्पनाच केली नव्हती. मोठ्यांना मोठी सुई, असा सगळ्यांचा हिशेब.

गोजरबाई अर्ध्या तासानं परतली ती दोन सुया मुठीत घेऊन. "डाक्टरची सही आना म्हनली तितली शिष्टर भवानी. म्या म्हनलं, न्हाय दिली तर हितंच बसते. आन बसले की दारात मांडी घालून. मोट्या डाक्टरास्नी उंबरा वलांडता येईना! दिली मग मुकाट्यानं."

दुखणं आता पुरं उठलं होतं. नागव्वाचं सगळं अंग धनुष्यासारखं वाकत होतं. ओवी मधेच तुटायची, ती परत पहिल्यापासून धरायची.

हात माजा वाळला जशी तुरीची काटकी,
त्यात शीर हुडकंती माजी तंगी धाकटी…
दुखण्या, तुज्या मायला, बस की खाली रं!

शरणम्मा कढत पाण्यात पंचा बुडवून, पिळून, उजव्या हाताला गुंडाळत होती. निवला की दुसरा. हात खाटेखाली लोंबकळत सोडलेला, म्हणजे रक्त खाली उतरेल. पंचा काढायची, बोटाचं टोक ठेवून डोळे मिटायची, सरकायची, थांबायची. मनगट, काही नाही. पंजा, सुतळ्या. बोटांच्या खाचा, काही नाही. पुन्हा पंचा.

संगप्पा भिंतीला टेकून उभा होता, दोन्ही हात काखेत दाबून. जणू ते हात त्याला कुठं ठेवावे कळत नव्हतं.

"अण्णा," शरणम्मा म्हणाली, "नळावर जा. साबणानं धुवा, कोपरापर्यंत, नखांत पण. दोनदा. मग या आणि अक्काचं मनगट धरा. मला तिसरा हात पाहिजे."

तो दचकला. "मी? नको, बाई. माज्या हातानं आदीच…"

"तुमच्याच. पस्तीस वर्षं धागा धरलेला हात आहे. हलणार नाही."

तो गेला आणि आला. नागव्वा कण्हत म्हणाली, "लगनात बी एवडं धुवून आला न्हवता."

अंगठ्याच्या मुळाशी, जिथून विडीचं पान दाबायचं तिथं, शरणम्माच्या बोटाला काहीतरी लागलं. लागलं म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे. मऊ. दाबलं तर दबणारं, सोडलं तर भरणारं. तिनं स्पिरिट लावलं, वाळू दिलं, निळे पंख चिमटीत धरले आणि सुई टोचली. शीर सरकली. कातडीखाली निळा फुगा आला.

गोजरबाईनं जीभ चावली. संगप्पाचा हात हलला नाही.

शरणम्मानं सुई काढून टाकली, बोळा दाबला. चिठ्ठीवर तिनं दोन सुया लिहिल्या होत्या. मनगटाकडं अर्धा बोटभर वर, त्याच शिरेवर, तिनं पुन्हा बोट ठेवलं. ह्या वेळेला डाव्या अंगठ्यानं कातडी ताणून धरली, सुई जवळजवळ आडवी केली आणि श्वास रोखून सरकवली.

सुईच्या पारदर्शक शेपटीत रक्ताची एक बारीक तांबडी रेघ धावत आली.

"आली," ती एवढंच म्हणाली.

तिनं सलाईनचे दोन सीसी हळूच सोडले. फुगली नाही. दुखलं नाही. पट्टीनं पंख बसवले, अंगठ्याखाली पुठ्ठ्याची पट्टी बांधली, तारीख लिहिली. मग दहा सीसीत मॉर्फिन, आणि भिंतीवरचं घड्याळ. एक मिनिट. दोन. श्वास सोळा. तीन. चौदा. नागव्वाच्या पायाची बोटं एकेक करून सुटत गेली. चौथ्या मिनिटाला ओवी बंद पडली आणि कपाळावरची आठी गेली. श्वास बारा. शरणम्मा थांबली, उरलेलं औषध पुढच्या वेळेला ठेवलं नाही, फेकून दिलं. उघडी सिरिंज ठेवायची नाही, हाही तिचाच नियम.

"गेला का पावणा?" तिनं विचारलं.

"वट्ट्यावर हाय," नागव्वा झोपेत पुटपुटली. "बसू दे मेल्याला."

तीनला शिपाई मेमो घेऊन आला. टाइप केलेला. डॉक्टरांच्या आदेशाशिवाय रुग्णाची नळी काढली, दिलेली सूचना पाळली नाही, याबाबत चोवीस तासांत लेखी खुलासा करावा, अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल.

"माफी लिवा की, बाई," गोजरबाई कळवळून म्हणाली. "दोन वळी. आपलं कुटं काय जातंय?"

"माजं नाव घाला," संगप्पा म्हणाला. "म्या तोंड लावलं म्हून झालं, असं लिवा. मला कोन कमी करनार हाय?"

शरणम्मानं खिडकीतल्या उजेडाला स्टूल ओढलं, मांडीवर पॅड घेतलं आणि लिहायला बसली. एकदाही खाडाखोड केली नाही. लिहून झालं तेव्हा नागव्वा जागी होती. ताप उतरत होता. दंडावरची रेघ तेवढीच होती, वर चढली नव्हती.

"वाच," नागव्वा म्हणाली.

तेवढ्यात करजगी दारात आले. कुणी बोलावलं नव्हतं. ते थेट खाटेशी आले आणि पंजावरची निळ्या पंखांची सुई वाकून बघत राहिले. हात पुढं आला होता, तो शरणम्माच्या नजरेशी थांबला. ते मागं वळले, नळावर गेले, हात धुऊन आले, मग बोटानं हलकेच दाबून बघितलं.

"पोरांची सुई," ते म्हणाले.

"होय, सर."

"ह्या हातात मी दोनदा शोधलं होतं." मग खालच्या आवाजात, "मेमो वर गेलाय. मी तो मागं घेऊ शकतो. तुम्ही फक्त चूक झाली एवढं लिहा. विषय संपला."

"खुलासा लिहिलाय, सर." तिनं कागद पुढं केला. "तो चूक झाली असंच म्हणतो. एका जागी."

"मोट्यानं वाचा," नागव्वा म्हणाली. "ह्येनला कमी ऐकू येतंय."

करजगींनी वाचायला सुरुवात केली ती मनाशी; पण सगळा वॉर्ड त्यांच्याकडं बघत होता, म्हणून मोठ्यानं वाचलं.

"रुग्णाच्या नातेवाइकांनी नळी उघडली व तोंडानं ओढली. तसं का करू नये, हे मी त्यांना आधी समजावून सांगितलं नव्हतं. ही माझी चूक. नळीच्या जागी पू झाला होता व लाली काखेपर्यंत गेली होती. अशा नळीतून वेदनेचं औषध देण्यास मी नकार दिला. रुग्णास दोन्ही बाजू सांगून, तिच्या संमतीनं नळी काढली. रुग्ण किती दिवस जगणार आहे हे मला ठाऊक नाही. तेवढे दिवस तिची शीर स्वच्छ ठेवणं हे माझं काम आहे. पुन्हा अशी लाली दिसली तर मी पुन्हा नळी काढीन."

खाली शरणम्माची सही होती. सहीच्या बाजूला जागा मोकळी होती.

"अवो, शाई आना की," नागव्वा नवऱ्याला म्हणाली. "आन बोट ह्या हाताचं नको, त्यात सुई हाय. डावा घ्या."

संगप्पानं टेबलावरचा शाईचा पॅड आणला. तिचा डावा अंगठा हळूच उचलून त्यानं पॅडवर टेकवला, मग कागदावर. मग तसाच आपलाही तिच्या शेजारी उमटवला. कागदावर दोन निळे ठसे उमटले, एक हाडकुळा, एक रुंद.

करजगी तो कागद हातात धरून उभे राहिले.

"डाक्टर," नागव्वा म्हणाली, "आमी केली. आता तुमी करा की सही. शीर सोच्छ ठिवायची त्येच लिवलंय, दुसरं काय न्हाय. का तुमाला ते पटंना?"